चौकाला सिग्नल हवा की नको?

मागणीने नव्हे, मोजणीने सुटणारा प्रश्न

प्रतिनिधी

अहिल्यानगर : चौकात अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी रास्ता रोको, तिसऱ्या दिवशी निवेदन आणि निवेदनातील पहिली मागणी ‘चौकात तातडीने सिग्नल बसवा’, हा क्रम नगरकरांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. मागणीमागे संताप असतो, बहुतेक वेळा एखाद्या घरातले दुःखही असते. मात्र तीन रंगांचे दिवे उभे केले म्हणजे चौक सुरक्षित झाला, हा समज अर्धाच खरा आहे. योग्य चौकातील सिग्नल जीव वाचवतो; नको त्या चौकातील सिग्नल गर्दी वाढवतो, नियम मोडण्याची सवय लावतो आणि काही प्रकारचे अपघात वाढवतोसुद्धा. म्हणूनच कोणत्या चौकाला सिग्नल द्यायचा आणि कोणत्या चौकाला नाही, हे ठरवण्याचे एक शास्त्र आहे. त्या शास्त्राची सुरुवात खांब रोवण्याने होत नाही, चौकात बसून वाहने आणि माणसे मोजण्याने होते.

हा प्रश्न नगरला इतर अनेक शहरांपेक्षा अधिक जाचतो. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचा गाभा आजही वेशी, पेठा आणि अरुंद गल्ल्यांचा आहे. त्याच शहरातून पुणे, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, दौंड, कल्याण, पाथर्डी आणि जामखेडकडे जाणारे रस्ते फुटतात. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. परंतु रस्त्यावरची वाहने केवळ या साडेतीन लाखांची नाहीत. शिर्डी आणि शनिशिंगणापूरचे भाविक, बाजार समितीत येणारा शेतकरी, औद्योगिक वसाहतीचा कामगार आणि मालमोटारी या सर्वांचा भार शहराच्या चौकांवर येतो.

सिग्नल नेमके काय करतो?

सिग्नल रस्ता रुंद करत नाही, वाहने कमी करत नाही आणि वेगालाही स्वतःहून आळा घालत नाही. तो फक्त एकच गोष्ट करतो. चौकाच्या मधल्या जागेवर हक्क सांगणाऱ्यांना वेळ वाटून देतो. ‘आता तुझी पाळी, तू थांब’ असे सांगणारा तो पंच आहे. पाळी लावण्याची गरज रांग असेल तरच भासते. चौकात दोन्ही बाजूंनी सतत वाहने येत असतील, कोणालाच मोकळी फट मिळत नसेल, तर पाळीची व्यवस्था सर्वांच्याच सोयीची ठरते. रांगच नसलेल्या ठिकाणी पंच बसवला, तर रिकाम्या रस्त्याकडे पाहत लाल दिव्यापुढे उभे राहण्याची शिक्षा तेवढी पदरी पडते.

जगातील पहिला वाहतूक सिग्नल लंडनमध्ये ब्रिटिश संसदेजवळ डिसेंबर १८६८ मध्ये उभा राहिला. घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा, म्हणून रेल्वे अभियंता जे. पी. नाइट यांनी रेल्वेच्या सिग्नलचीच कल्पना रस्त्यावर आणली. गॅसवर चालणारा हा दिवा महिनाभरातच स्फोट होऊन फुटला आणि तो हाताळणारा पोलीस जखमी झाला. विजेवर चालणारा सिग्नल अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात ऑगस्ट १९१४ मध्ये आला. दिव्यांचे तंत्र त्यानंतर पार बदलले. ‘येथे दिव्यांची खरेच गरज आहे का?’ हा प्रश्न मात्र आजही तेवढाच ताजा आहे.

निकष कोणाचे?

भारतात रस्त्यांविषयीचे तांत्रिक दंडक ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ अर्थात ‘आयआरसी’ ठरवते. या संस्थेच्या जन्माशी एका मराठी नावाचा संबंध आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्याच जयकर समितीच्या शिफारशींतून डिसेंबर १९३४ मध्ये ही संस्था स्थापन झाली. तिने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आयआरसी ९३’ या मार्गदर्शिकेत सिग्नल कधी बसवावा, याचे पाच निकष दिले आहेत.

पहिला निकष किमान वाहनसंख्येचा. मुख्य रस्त्याला प्रत्येक बाजूने दोन किंवा अधिक मार्गिका आणि उपरस्त्याला एक मार्गिका असेल, तर सर्वसाधारण दिवसातील ८ तास मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून ताशी ८०० आणि उपरस्त्याच्या अधिक वर्दळीच्या बाजूने ताशी २०० वाहने यायला हवीत. दोन्ही रस्ते एकेका मार्गिकेचे असतील तर हे आकडे ६५० आणि २०० असे आहेत.

दुसरा निकष अखंड वाहतुकीचा. उपरस्त्यावर वाहने थोडी असतात. पण मुख्य रस्त्यावरचा ओघ इतका सलग असतो, की गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला शिरायला जागाच मिळत नाही. कंटाळून तो शेवटी धोका पत्करतो. अशा वेळी वरच्याच रचनेच्या चौकात मुख्य रस्त्यावर ताशी १,२०० आणि उपरस्त्यावर ताशी १०० वाहने एवढी मर्यादा धरली आहे.

तिसरा निकष पादचाऱ्यांचा. मुख्य रस्त्यावर ताशी ६०० किंवा अधिक वाहने आणि सर्वाधिक गर्दीच्या झेब्रा पट्ट्यावरून ताशी १५० किंवा अधिक माणसे जात असतील, तर सिग्नलचा विचार करावा, असे तो सांगतो. मधोमध किमान १ मीटर रुंदीचा उंच दुभाजक असेल, तर वाहनांची मर्यादा १,००० होते. कारण मग पादचाऱ्याला मध्ये थांबता येते.

चौथा निकष अपघातांचा. सिग्नलमुळे टळू शकले असते, अशा प्रकारचे ५ किंवा अधिक नोंदलेले अपघात १२ महिन्यांत झालेले असावेत. मात्र त्याला एक महत्त्वाची जोड आहे. सिग्नलपेक्षा सौम्य उपाय आधी नीट करून पाहिलेले असावेत आणि त्यांचा उपयोग झालेला नसावा.

पाचवा निकष एकत्रित विचाराचा. एकही निकष पूर्णपणे बसत नाही, पण दोन किंवा अधिक निकष ८० टक्क्यांपर्यंत पूर्ण होतात, अशा अपवादात्मक ठिकाणीही सिग्नलचा विचार करता येतो.

रस्ता वेगवान असेल, म्हणजे १०० पैकी १५ वाहने ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असतील, तर वाहनसंख्येच्या मर्यादा ७० टक्क्यांवर येतात. ८०० ऐवजी ५६० आणि २०० ऐवजी १४०. शहराच्या कडेला, जेथे महामार्गाचा वेग घेऊन आलेली मालमोटार अचानक वस्तीत शिरते, तेथे ही सवलत निर्णायक ठरू शकते.

मोजणी कोणत्या दिवशी?

निकष कागदावर सोपे दिसतात; खरी कसोटी मोजणीत लागते. चौकाच्या प्रत्येक बाजूला माणूस वा कॅमेरा ठेवून सकाळपासून रात्रीपर्यंत दर १५ मिनिटांची नोंद घ्यावी लागते. नुसती एकूण संख्या पुरत नाही. डावीकडे किती वळले, सरळ किती गेले, उजवीकडे किती वळले, हे वेगळे लिहावे लागते; कारण चौकात संघर्ष होतो तो मुख्यतः सरळ जाणाऱ्यांचा आणि उजवीकडे वळणाऱ्यांचा. डावीकडे वळून निघून जाणाऱ्यांमुळे उपरस्त्याचा आकडा फुगलेला असेल, तर सिग्नलऐवजी डावे वळण मोकळे करून देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मोजणीचा दिवस कोणता, हाही कळीचा मुद्दा आहे. मार्गदर्शिकेला ‘सर्वसाधारण दिवस’ अपेक्षित आहे. नगरमध्ये तो शोधणेच अवघड. गुरुवारी आणि सुट्यांना शिर्डीचा ओघ असतो, शनिवारी आणि अमावास्येला शिंगणापूरचा. मोहरम, गणेशोत्सव, नवरात्र या काळात शहरातील वाहतुकीची दिशाच बदलते. उसाच्या गळीत हंगामात तर चित्र आणखी वेगळे असते. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला झाली, त्या जिल्ह्यात हिवाळ्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असणारच. जूनमधील मोजणीवरून जानेवारीचा चौक समजत नाही आणि यात्रेच्या दिवशीच्या मोजणीवरून वर्षभराचा सिग्नल ठरवता येत नाही. निरनिराळ्या हंगामांत, आठवड्यातील निरनिराळ्या दिवशी मोजणी घेणे हाच त्यावरचा उपाय.

संख्येइतकाच वाहनांचा प्रकारही महत्त्वाचा. रस्त्यावर एक दुचाकी आणि एक उसाचा ट्रॅक्टर यांना सारखे मानता येणार नाही. यासाठी अभियंते ‘मोटारीशी तुल्य एकक’ वापरतात. ‘आयआरसी’च्या १९९० च्या शहरी रस्त्यांसाठीच्या तक्त्यानुसार, ज्या वाहनांचे प्रमाण एकूण वाहतुकीत १० टक्के किंवा अधिक आहे, त्यांत मोटार १ धरली तर दुचाकी ०.७५, रिक्षा २, बस वा मालमोटार ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ५ एकके भरते. चौक ओलांडायला ट्रॉलीला लागणारा वेळ दुचाकीच्या कितीतरी पट असतो. सिग्नलची वेळ ठरवताना हे विसरले, तर ट्रॉली चौकाच्या मध्यावर असतानाच समोरच्याला हिरवा दिवा मिळतो.

मोजणी जुनीही होते. नगरचा सुमारे ३ किलोमीटरचा उड्डाणपूल १९ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला. पुण्याकडून येऊन थेट पुढे जाणारी वाहने त्यानंतर वरून जाऊ लागली आणि पुलाखालच्या चौकांचा स्वभावच बदलला. सरळ जाणारी वाहतूक घटली, की वळणारी, थांबणारी, स्थानिक वाहतूक प्रमाणाने वाढते. शिवाय पुलाच्या खांबांआडून येणारे वाहन उशिरा दिसते. पुलाआधीचे आकडे घेऊन पुलाखालच्या चौकाचा निर्णय करणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगात यंदाचा मुहूर्त पाहण्यासारखे आहे.

एक उदाहरण

निकष प्रत्यक्षात कसे लागतात, हे एका कल्पित चौकावरून पाहता येईल. समजा, मुख्य रस्ता दुभाजकाचा, प्रत्येक बाजूला दोन मार्गिकांचा आहे. उपरस्ता एका वसाहतीतून येणारा, एका मार्गिकेचा आहे. सर्वाधिक वर्दळीच्या ८ तासांत मुख्य रस्त्यावर ताशी ९८० ते १,२५० वाहने आढळली, सरासरी १,१००. उपरस्त्यावरून कामावर जाण्या-येण्याच्या ३ तासांत ताशी २१० ते २३० आणि उरलेल्या ५ तासांत १६० ते १८० वाहने आली.

पहिल्या निकषाला मुख्य रस्ता सहज उतरतो. पण उपरस्ता ८ तास २०० चा आकडा गाठत नाही. दुसऱ्या निकषात उलटे होते. उपरस्ता १०० च्या वर आहे, मात्र मुख्य रस्ता १,२०० च्या खाली राहतो. म्हणजे दोन्ही निकष हुकले. आता पाचवा निकष लावला तर? पहिल्याचे ८० टक्के म्हणजे ६४० आणि १६०. दुसऱ्याचे ८० टक्के म्हणजे ९६० आणि ८०. दोन्ही पूर्ण होतात. हा चौक सिग्नलच्या उंबरठ्यावर आहे, एवढाच याचा अर्थ.

येथेच अभियंत्याचा विवेक सुरू होतो. वसाहतीला पलीकडून दुसरा रस्ता आहे का? शाळा सुटण्याच्या वेळी अर्धा तास पोलीस उभा केला तर भागेल का? पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे? निकष पूर्ण झाला म्हणून सिग्नल बसवलाच पाहिजे, असे नाही, ही गोष्ट अमेरिकेतील रस्ते नियमपुस्तिकेत स्पष्ट शब्दांत नोंदली आहे. निकष हे दार आहे. आत जायचे की नाही, हे पुढचे परीक्षण ठरवते.

नोंद न झालेला अपघात

अपघातांच्या निकषात मात्र एक अडचण आहे आणि ती नागरिकांच्या बाजूने समजून घ्यायला हवी. मार्गदर्शिका ‘नोंदलेले’ अपघात मोजते. चौकात दुचाकी घसरून गुडघे फुटले, रिक्षाने धडक दिली, आपसात बोलाचाली होऊन नुकसानभरपाई दिली-घेतली गेली, यांपैकी फारच थोड्या घटना पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतात. परिणामी कागदावर शांत दिसणारा चौक प्रत्यक्षात रोज कोणाला ना कोणाला पाडत असतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वांत मोठा आहे. मृत्यू नोंदवला जातो. त्याआधीचे दहा इशारे नोंदवले जात नाहीत.

राष्ट्रीय महामार्गावरील ‘अपघातप्रवण स्थळ’ ठरवण्याची केंद्राची व्याख्याही अशीच घडून गेलेल्या घटनांवर उभी आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, अथवा ३ वर्षांत १० मृत्यू. तेवढे होईपर्यंत वाट पाहावी, असा तिचा हेतू नाही. पण कार्यालयीन व्यवहारात तसेच घडण्याची भीती असते. किरकोळ अपघातांची, अगदी थोडक्यात टळलेल्या धडकांचीही नोंद चौकनिहाय ठेवली, तर निर्णय मृत्यूच्या आधी घेता येतो. रुग्णालयांतील नोंदी, विम्याचे दावे, चौकातील दुकानदारांचे निरीक्षण आणि कॅमेऱ्यांचे चित्रण ही त्याची उपलब्ध साधने आहेत.

जो ओलांडतच नाही, त्याचे काय?

पादचाऱ्यांच्या निकषातही अशीच एक फट आहे. ताशी १५० माणसे रस्ता ओलांडत असतील तर सिग्नल. पण रस्ता इतका धोक्याचा झाला असेल, की वृद्धांनी पलीकडच्या मंदिरात जाणे सोडले, आईने मुलाला पायी शाळेत पाठवणे थांबवले आणि बाजारहाटासाठी रिक्षा करण्याची वेळ आली, तर मोजणीत आकडा ४० च येणार! पादचारी नाहीत म्हणून सिग्नल नाही आणि ओलांडण्याची सोय नाही म्हणून पादचारी नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. शाळा, रुग्णालय, बसस्थानक यांच्याजवळच्या चौकांत किती जण ओलांडतात, एवढेच न पाहता किती जणांना ओलांडण्याची गरज आहे, हेही विचारले पाहिजे.

सिग्नल असलेल्या चौकातही पादचाऱ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने १४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतात. काठी टेकत जाणाऱ्या आजोबांचा वेग ०.९ मीटर धरला, तर हेच १६ सेकंद होतात. हा ४ सेकंदांचा फरक वाहनचालकाला क्षुल्लक वाटतो. रस्त्याच्या मध्यावर अडकलेल्या माणसाला तो वाटत नाही.

दिव्यांच्या आधीचे उपाय

‘सौम्य उपाय आधी’ हे सूत्र टाळाटाळीचे निमित्त होऊ शकते, तसेच ते खरोखरच उपयोगीही पडू शकते. अनेक चौकांतील धोका सिग्नल नसल्यामुळे नसतो. समोरचे वाहन वेळेवर दिसत नाही, यामुळे असतो. कोपऱ्यावरची टपरी, जाहिरात फलक, वाढलेली झाडी, रस्त्यात उभ्या राहणाऱ्या रिक्षा, वळणावरच प्रवासी घेणाऱ्या बस ही त्याची नेहमीची कारणे. कोपरे मोकळे करणे, उपरस्त्यावर थांबारेषा आणि गतिरोधक, ठळक झेब्रा पट्टे, रात्रीचा पुरेसा उजेड, दुभाजकातील नको ती फट बंद करणे, एकेरी वाहतूक एवढ्याने भागत असेल, तर तो उपाय स्वस्त आहे, लवकर होणारा आहे आणि वीज गेली तरी चालणारा आहे.

सिग्नल वा पोलीस नसलेल्या चौकात कोणी आधी जावे, याचाही नियम आहे. मुख्य रस्त्यावरील वाहनाला आणि तसा भेद नसेल तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यावी. परवाना घेताना हा नियम पाठ केला जातो. चौकात मात्र मोठ्या वाहनाला आधी वाट हाच नियम चालतो.

मध्यम वर्दळीच्या चौकांसाठी वर्तुळाकार बेट हा सिग्नलचा जुना पर्याय. ‘आयआरसी’च्या १९७६ च्या मार्गदर्शिकेने सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे ५०० ते ३,००० वाहनांसाठी तो योग्य मानला होता. चंदीगड शहर याच बेटांसाठी ओळखले जाते. बेटामुळे वाहनांना वेग कमी करावाच लागतो आणि समोरासमोरची धडक टळते. मात्र त्यासाठी जागा लागते. मध्ये पुतळा वा कारंजे उभारण्यापुरते बेट केले आणि भोवतीचा रस्ता अरुंद ठेवला, तर ते सोयीपेक्षा अडसरच ठरते.

बसवलेला सिग्नल काढूनही सुरक्षितता वाढू शकते, हे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने दाखवले. तेथे कमी वर्दळीच्या १९९ चौकांतील सिग्नल काढून सर्व बाजूंना ‘थांबा आणि मग जा’ अशा पाट्या लावण्यात आल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चौकांतील अपघात सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा धडा नगरला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण थांब्याच्या पाटीपुढे थांबण्याची शिस्त आपल्याकडे रुजलेली नाही. तरीही गरज नसलेला दिवा सुरक्षितता देतोच असे नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

बसवला, पुढे काय?

सिग्नल बसवण्याचा निर्णय झाला, तरी काम संपत नाही. दिव्यांची एक पूर्ण फेरी किती सेकंदांची असावी, याचे सूत्र ब्रिटिश संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडले. प्रत्येक पाळीत वाहने हलायला आणि चौक रिकामा व्हायला जो वेळ वाया जातो, त्याची दीडपट करून त्यात ५ मिळवायचे आणि चौकाच्या क्षमतेतून वापरात असलेला भाग वजा करून उरलेल्या भागाने भागायचे. दोन पाळ्यांच्या चौकात ८ सेकंद वाया जात असतील आणि क्षमतेच्या ५५ टक्के वापर असेल, तर फेरी सुमारे ३८ सेकंदांची निघते. तोच चौक चार पाळ्यांचा केला, १६ सेकंद वाया जाऊ लागले आणि वापर ७० टक्क्यांवर गेला, तर फेरी ९७ सेकंदांवर पोहोचते. प्रत्येक बाजूला स्वतंत्र हिरवा दिवा देण्याची मागणी न्याय्य वाटते. तिची किंमत सर्व बाजू लांबलेल्या प्रतीक्षेच्या रूपाने मोजतात.

सर्वांत घातक अवस्था बंद पडलेल्या सिग्नलची. दिवे नाहीत हे माहीत असलेला चालक सावध असतो. दिवे आहेत पण कधी चालू, कधी बंद अशा चौकात एकजण हिरव्यावर विसंबून येतो आणि दुसरा ‘हा सिग्नल बंदच असतो’ म्हणून शिरतो. लाल दिवा ओलांडणे हे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात मोडते. परंतु कायद्याचा धाक टिकायचा, तर दिवा स्वतः विश्वासार्ह हवा. रात्री वर्दळ ओसरल्यावर लुकलुकणारा पिवळा दिवा ठेवणे, वर्षातून एकदा वेळा तपासणे, दुरुस्तीची जबाबदारी आणि तरतूद आधीच ठरवणे हा सिग्नलचाच भाग आहे.

निर्णय कोणाच्या हाती?

एका चौकात अनेक धनी असतात. रस्ता महामार्गाचा असेल तर महामार्ग यंत्रणा वा सार्वजनिक बांधकाम विभाग, शहरातला असेल तर महापालिका, वाहतुकीचे नियमन पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे आणि वीज महावितरणची. सिग्नलचा प्रस्ताव या टेबलांवरून फिरताना अनेकदा मधेच थांबतो. या सर्वांना एकत्र आणण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. चौकाची मागणी या समितीपुढे आकड्यांसह गेली, तर तिला ‘पाहू’ असे उत्तर देणे कठीण जाते. निवेदनावर शंभर सह्या असणे चांगलेच. त्याच्यासोबत ८ तासांची मोजणी जोडलेली असेल, तर ते निवेदन उरत नाही, पुरावा होतो.

सिग्नल म्हणजे प्रभागाला मिळालेली भेट नव्हे आणि नाकारला गेला म्हणजे अन्यायच झाला, असेही नव्हे. अन्याय होतो तो चौक न मोजताच होकार वा नकार दिला जातो तेव्हा. नगरच्या चौकांना दिव्यांइतकीच गरज आहे ती वही-पेन्सिल घेऊन दिवसभर बसणाऱ्या माणसाची.

चौकट : सिग्नल मागण्यापूर्वी विचारावेत असे प्रश्न

– चौकातील वाहनांची शेवटची मोजणी कधी झाली? उड्डाणपूल सुरू झाल्यानंतरची आहे का?

– ती हंगामात झाली की हंगामाबाहेर? सणाच्या दिवशी तर झाली नाही ना?

– वळणारी वाहने आणि पादचारी वेगळे मोजले का?

– गेल्या १२ महिन्यांतील किती अपघात सिग्नलमुळे टळले असते?

– कोपरे मोकळे करणे, गतिरोधक, झेब्रा पट्टे, उजेड यांपैकी काय करून पाहिले?

– सिग्नल बसवल्यास देखभाल कोण करणार आणि बंद पडल्यास तक्रार कोठे करायची?